आजी-आजोबांना कुणी विचारलं का?

एप्रिलचा दुसरा आठवडा. छत्रपती संभाजीनगरात सिडकोतल्या एका शाळेची सकाळची पाळी सुटायची वेळ. झाडाखालची जागा आधीच भरलेली, म्हणून एका आजोबांनी स्कूटी उन्हातच लावली होती. घंटा व्हायला पाच मिनिटं असताना त्यांनी डिकीतून पाण्याची बाटली काढली, सीटवर पाणी ओतलं, रुमालानं पुसलं, हात ठेवून पाहिला आणि पुन्हा ओतलं. नातीला चटका बसू नये, एवढंच. नात आली, दप्तर आजोबांच्या हातात दिलं, मागं बसली आणि दोघं गेले. सीट गार का आहे, हे तिला कळलंही नसेल.

अशा आजोबांचं आपण तोंडभरून कौतुक करतो. नातवंडं म्हणजे दुधावरची साय, मुद्दलापेक्षा व्याज प्यारं, असं म्हणत राहतो. पण या कौतुकाखाली काही समजुती घट्ट बसल्या आहेत. त्यांतल्या काहींनी लेकरांचं नुकसान होतं, काहींनी म्हाताऱ्या माणसांचं. त्या एकदा तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : पूर्वी घरोघरी आजी-आजोबा असायचे, आता ते नातंच संपलं

आकडे उलटं सांगतात. १९४१ ते ५१ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. बालमृत्यू फार असल्यामुळे ही सरासरी खाली ओढली जायची, हे खरं. पण मोठी माणसंही प्लेग, पटकी, बाळंतपण, क्षय यांत लवकर जायची. नातू शाळेत जाईपर्यंत आजोबा हयात असणं ही भाग्याची गोष्ट होती. आज आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे. १९५१ साली देशात साठीपुढची माणसं दोन कोटींच्या आसपास होती. २०११च्या जनगणनेत ती १० कोटींवर गेली. आजोबांच्या खांद्यावर बसलेलं मूल त्याच आजोबांना स्वतःच्या लग्नात नमस्कार करतं, हे आपल्या काळात सर्रास घडतं. पूर्वी ते अपवादानं घडायचं.

एकत्र कुटुंबाचं चित्रही आपण थोडं रंगवूनच पाहतो. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावाचा अभ्यास करून साठ वर्षांपूर्वीच दाखवलं होतं, की चुली वेगळ्या झाल्या म्हणजे कुटुंब तुटलं असं होत नाही. पैसा, सणवार, जबाबदारी यांचे धागे घरांच्या भिंती ओलांडून चालू राहतात. आपल्या शहरापुरतं बोलायचं तर गोष्ट आणखी वेगळी आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीत कामाला आलेली जालना, बीड, परभणीकडची पोरं आईवडिलांना गावी ठेवूनच आली होती. त्यांच्या लेकरांनी आजी पाहिली ती दिवाळीत आणि मे महिन्यात. तीच पोरं आता निवृत्त होऊन सिडको-हडकोत स्वतः आजोबा झाली आहेत आणि नातवंडांबरोबर एका घरात राहताहेत. अनेक घरांत तर रोजच्या सहवासातले आजोबा ही या शहरातली पहिलीच पिढी आहे. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, आणि स्वतःच्या बापाला हे काम करताना त्यांनी पाहिलेलंही नाही.

गैरसमज : आजीच्या लाडानं पोर बिघडतं

इथं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्यावं. पैठणच्या एकनाथांचे आईवडील त्यांच्या लहानपणीच गेले. त्यांना वाढवलं आजोबा चक्रपाणी आणि आजीनं. हे चक्रपाणी म्हणजे विजयनगराहून विठ्ठलाची मूर्ती पंढरपुरी परत आणल्याचं श्रेय परंपरा ज्यांना देते, त्या भानुदासांचे चिरंजीव. आजी-आजोबांच्या घरात वाढलेला हा मुलगा कोवळ्या वयात कुणाला न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे निघून गेला. म्हाताऱ्या जिवांचं काय झालं असेल, याची कल्पना करवत नाही. चरित्रकार सांगतात, की पुढं तीर्थयात्रा करून नाथ पैठणजवळ आले, तेव्हा आजोबांनी गुरूंकडून आणलेलं पत्र त्यांच्या हाती ठेवलं : जिथं हे पत्र मिळेल तिथंच राहा. नाथ पैठणला राहिले. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारा, भारुडं लिहिणारा, उन्हात तापलेल्या वाळवंटात रडणारं पोर कडेवर घेतल्याची ज्याची गोष्ट आजही सांगतात तो माणूस आजी-आजोबांनी वाढवला होता. आणि नाथांच्या मुलीचा मुलगा मुक्तेश्वर हाही मोठा कवी झाला.

एका संताच्या उदाहरणानं नियम सिद्ध होत नाही, म्हणून अभ्यासाकडेही पाहू. इंग्लंड-वेल्समध्ये ११ ते १६ वयाच्या सुमारे दीड हजार मुलांची पाहणी झाली होती. आजी-आजोबा ज्यांच्या आयुष्यात रस घेत होते, त्या मुलांचं वागणं आणि मनःस्थिती अधिक चांगली आढळली. आईवडील वेगळे झालेल्या घरांत हा आधार विशेष दिसला. इथं लाडापेक्षा लक्ष देणं मोजलं गेलं, हे ध्यानात घ्यायला हवं.

तरीही घरोघरी एक तक्रार असतेच : ‘आम्हाला तर पट्टीनं मारायचात, आणि याला काहीच नाही!’ याचं थोडं उत्तर अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठानं २०२१ साली ५० आज्यांवर केलेल्या अभ्यासात सापडतं. नातवंडाचा फोटो पाहताना आजीच्या मेंदूतले भावनेशी निगडित भाग जास्त उजळले. म्हणजे लेकरू हसलं तर तिलाही हसू येतं, रडलं तर तिच्याही पोटात तुटतं. स्वतःच्या मोठ्या मुलामुलीचा फोटो पाहताना मात्र समजून घेण्याशी, विचाराशी जोडलेले भाग पुढं आले. आजी पक्षपात करत नाही, तिला तसंच वाटतं. बिघडवणाऱ्या गोष्टी निराळ्याच असतात : जेवताना हातात मोबाइल, रोजचं कुरकुऱ्याचं पाकीट, आणि आईनं ‘नाही’ म्हटलेल्या गोष्टीला तिच्यासमोरच ‘हो’ म्हणणं. या तीन गोष्टींवर घरात एकदा शांतपणे बोलणं झालं, तर लाडाची भीती बाळगायचं कारण उरत नाही.

गैरसमज : आजीचं सगळं खरं. किंवा, आजीचं सगळं जुनाट.

दोन्ही चूक. मालिश, अंगाई, बाळाला छातीशी धरून ठेवणं, त्याच्याशी दिवसभर बोलत राहणं, हे आजीचं ज्ञान डॉक्टरही मान्य करतात. पण तीन गोष्टी सोडाव्यातच. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढं जातो तेव्हा ‘जीव सुकेल’ म्हणून चमच्यानं पाणी पाजतात. आईच्या दुधातच पुरेसं पाणी असतं. दुसरं, वर्षाच्या आत मध चाटवू नये, घुट्टीतूनही नाही. मधातल्या जंतूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. तिसरं, डोळ्यांत काजळ नको, कारण अनेक काजळांत शिसं आढळलं आहे. दृष्टच काढायची असेल तर मीठ-मोहऱ्या आहेतच.

गैरसमज : घरीच तर असतात, सांभाळतील की!

मला सगळ्यांत जास्त सलतो तो हा समज, कारण यात प्रश्न विचारलाच जात नाही. सून कामावर रुजू होण्याची तारीख ठरते, पाळणाघराचा विषय निघत नाही, आणि आजी आपोआप गृहीत धरली जाते.

नातवंडं सांभाळणं आजी-आजोबांना चांगलंच असतं का? प्रमाणात असेल, तर हो. बर्लिनमध्ये सत्तरीपुढच्या पाचशेहून अधिक लोकांचा १९९० ते २००९ या काळात पाठपुरावा केला गेला. अधूनमधून नातवंडं सांभाळणारी माणसं न सांभाळणाऱ्यांपेक्षा जास्त जगली. पण पूर्ण वेळ मुलं वाढवणारे त्या अभ्यासात नव्हतेच. ऑस्ट्रेलियात २०१४ साली १८६ स्त्रियांची स्मरणशक्ती आणि आकलन तपासलं, तेव्हा आठवड्यातून एक दिवस नात-नातू सांभाळणाऱ्या आज्या सर्वांत पुढं होत्या. पाच किंवा त्याहून जास्त दिवस सांभाळणाऱ्या एका महत्त्वाच्या चाचणीत मागं पडल्या. दोन वर्षांच्या पोरामागं दिवसभर पळणं गुडघे दुखणाऱ्या बाईला झेपत नाही, एवढं कळायला खरं तर ऑस्ट्रेलियाला जायची गरज नव्हती.

आणि ही केवळ नोकरदार घरांची गोष्ट आहे असं मानणं हा आणखी एक गैरसमज. मराठवाड्यात आजी-आजोबांच्या अंगावर सर्वांत मोठं ओझं टाकतो तो ऊस. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. कारखाना पश्चिम महाराष्ट्रातला नाही तर कर्नाटकातला. परततात मार्च-एप्रिलमध्ये. यासाठी बीड जिल्हा सर्वांना माहीत आहे, पण आपल्या पैठण, कन्नड तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरूनही माणसं जातात. लेकरं बरोबर नेली तर शाळा बुडते, फडात बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमध्ये जीव धोक्यात असतो. म्हणून ती मागं राहतात, आजीपाशी. अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण जेवणाची सोय झाली तरी रात्री लेकरं अनेक ठिकाणी झोपतात आजीच्याच गोधडीत.

पैठण तालुक्यातल्या अशाच एका घरी मी एकदा संध्याकाळी बसलो होतो. आजी चुलीपुढं भाकरी थापत होती, तीन नातवंडं भोवती. मधल्या पोराला ताप होता. भाकरी उलटताना ती दुसऱ्या हाताच्या पालथ्या बाजूनं त्याचं कपाळ चाचपायची आणि पुन्हा पिठात हात घालायची. फडावरून लेकीसारख्या सुनेचा फोन आला. आजी म्हणाली, ‘‘हाय बरा. खेळतोय.’’ फोन ठेवल्यावर माझ्याकडं पाहून म्हणाली, ‘‘तिथं तिला घास उतरला पायजे ना.’’ वर्षातले सहा महिने या तिघांची आई हीच.

गैरसमज : आजोबांची इस्टेट म्हणजे नातवाचा हक्कच

सरसकट नाही. हिंदू कायद्यानं वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत नातवाला जन्मानं वाटा असतो, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून नातीलाही. पण आजोबांनी स्वतः कमावलेलं घर ते हयातीत कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र न करता गेले, तर ते बायको, मुलं-मुली आणि आई असल्यास आईकडं जातं. नातवाला थेट वाटा मिळतो तो त्याचे आई किंवा वडील आजोबांच्या आधी वारले असतील तर. मुस्लिम घरांत जन्मसिद्ध वाटा नसतोच. मुलगा आधी वारला आणि त्याचा भाऊ हयात असला, तर मुलाच्या लेकरांना वारसा मिळत नाही. मात्र आजोबा एक तृतीयांशापर्यंत मालमत्ता वसीयतीनं त्यांना देऊ शकतात. बापाविना लेकरं असलेल्या घरांनी हे वेळेवर करावं, नंतर इलाज नसतो.

उलट बाजू फारच थोड्यांना माहीत असते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात ‘मुलं’ या शब्दात सज्ञान नातू-नातही येतात. म्हणजे निराधार आजी नातवाकडून निर्वाह मागू शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं करायचा, आणि महिना १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह ठरू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर केलेलं बक्षीसपत्र अट मोडल्यास रद्द करून घेता येतं. ती अट कागदावर लिहून घ्यावी, तोंडी ठेवू नये.

अनाथ नातवंडाचा ताबाही वयाच्या कारणानं नाकारला जातोच असं नाही. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या गुजरातमधल्या एका सहा वर्षांच्या मुलाला उच्च न्यायालयानं मावशीकडं दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२ मध्ये तो निर्णय फिरवून मुलाला वडिलांच्या आईवडिलांकडं सोपवलं. आजोबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते.

राहता राहिलं पुण्याला नाही तर परदेशी असलेलं नातवंड. फोनवरची ओळख पोकळ असते, असं वाटून आजोबांनी मागं सरू नये. लहान बाळांना पडद्यापासून लांब ठेवा असं सांगणारे अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञसुद्धा घरच्यांशी होणाऱ्या व्हिडिओ कॉलला त्यातून सूट देतात.

राज्यातल्या शाळांत २०२३ पासून १० सप्टेंबरला आजी-आजोबा दिवस साजरा होतो. गाणी होतात, फुलं देतात, चांगलं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना एक विनंती : त्यानंतर महिना-दीड महिन्यात टोळ्या निघतात, तेव्हा त्या दिवशी आलेल्या आजीला बाजूला घेऊन विचारा, यंदा किती लेकरं तुमच्यापाशी राहणार, आणि तुम्हाला काय लागेल? मग शाळेच्या नोंदवहीत पालकाच्या नावापुढं तिचं नाव आणि तिचा नंबर लिहून ठेवा. पोराला ताप आला, तर फोन तिलाच करावा लागणार आहे.