केटामाइनचा लौकिक आणि आजारी शरीर

भूलशास्त्रात केटामाइनला मोठा मान आहे आणि तो सकारण आहे. अमेरिकेतील पार्क-डेव्हिस या औषध कंपनीसाठी काम करणारे रसायनशास्त्रज्ञ कॅल्विन स्टीव्हन्स यांनी १९६२ साली ते प्रथम तयार केले, १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठातील एडवर्ड डोमिनो आणि गुंथर कोर्सेन यांनी माणसांवर त्याचा अभ्यास सुरू केला, आणि १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यानंतर व्हिएतनाममधील जखमी सैनिकांसाठी ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते १९८५ पासून आहे. इतर बहुतेक भूल-औषधांनी श्वास मंदावतो आणि रक्तदाब घसरतो. केटामाइनच्या योग्य मात्रेत मात्र रुग्णाचा श्वास बहुधा स्वतःचा स्वतः चालू राहतो आणि रक्तदाब उलट चढतो, म्हणून भूल देण्याचे यंत्र नसलेल्या लहान रुग्णालयांत, अपघातस्थळी आणि युद्धभूमीवर या औषधाने असंख्य जीव वाचवले आहेत.

नशेसाठी केटामाइन घेणारे नेमक्या याच लौकिकाचा आधार घेतात: डॉक्टर जे लहान मुलांनाही देतात ते घातक कसे असेल, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील उणीव अशी की, रुग्णालयातील सुरक्षितता एकट्या औषधाची नसते. रुग्ण उपाशीपोटी आहे ना, त्याला हृदयविकार आहे का, तो आणखी कोणती औषधे घेतो हे आधी विचारलेले असते, मात्रा वजनानुसार मोजलेली असते, आणि शुद्ध परत येईपर्यंत भूलतज्ज्ञ उशाशी उभा असतो. पार्टीत किंवा घराच्या बंद खोलीत पांढरी भुकटी नाकाने ओढली जाते तेव्हा यातले काहीच नसते. आणि घेणाऱ्याचे शरीर आधीच आजारी असेल, तर ज्या गुणामुळे हे औषध नावाजले गेले तोच गुण त्याच्यावर उलटतो.

त्याचे कारण औषधाच्या कार्यपद्धतीत आहे. मेंदूतील ग्लुटामेट नावाचे रसायन ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या जागांवर, काम करते, त्यांपैकी एनएमडीए ही ग्राही केटामाइन रोखते. त्यामुळे वेदना आणि भोवतालची जाणीव यांपासून मन तुटते. भूलशास्त्रात या अवस्थेला ‘विलग भूल’ म्हणता येईल. त्याच वेळी संकटसमयी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी मज्जासंस्था उत्तेजित होऊन नाडी वेगाने चालते, रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या स्नायूला जास्त प्राणवायू लागतो. निरोगी हृदय ही वाढीव मागणी सहज पुरवते. परंतु हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या अरुंद झालेल्या असतील, तर मागणी वाढते आणि पुरवठा वाढू शकत नाही. स्नायू उपाशी पडतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. उच्च रक्तदाब असणाऱ्यांना, तसेच मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा आलेला असेल किंवा पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल त्यांना, हाच चढता दाब जीवघेणा ठरू शकतो.

याहून कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे, अनुकंपी संस्थेची ही मदत वजा केली तर केटामाइन हृदयाच्या स्नायूला प्रत्यक्षात दुबळेच करते. दीर्घ आजाराने किंवा तीव्र जंतुसंसर्गाने खंगलेल्या माणसात अनुकंपी संस्थेचा साठा संपत आलेला असतो. अशा वेळी अपेक्षित उत्तेजन मिळत नाही, स्नायूवरील दुबळेपणाचा परिणाम तेवढा उरतो आणि रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. अतिदक्षता विभागातील डॉक्टर या शक्यतेची तयारी ठेवून असतात. नशेसाठी घेणाऱ्याला ती ठाऊकही नसते.

‘फ्रेंड्स’ या मालिकेमुळे जगभर ओळखले जाणारे अमेरिकी अभिनेते मॅथ्यू पेरी यांचा २८ ऑक्टोबर २०२३ रोजी वयाच्या ५४व्या वर्षी झालेला मृत्यू या दृष्टीने नीट समजून घेण्याजोगा आहे. लॉस एंजेलिस परगण्याच्या वैद्यकीय परीक्षकांनी मृत्यूचे मुख्य कारण केटामाइनचे तीव्र परिणाम असे नोंदवले, आणि हातभार लावणाऱ्या कारणांत पाण्यात बुडणे, कोरोनरी धमन्यांचा आजार आणि अफूवर्गीय व्यसनाच्या उपचारात वापरले जाणारे ब्युप्रेनॉर्फिन यांचा उल्लेख केला. पेरी नैराश्यासाठी देखरेखीखाली केटामाइनचे उपचार घेत होते, पण रक्तात सापडलेले औषध त्या उपचारांतले असणे शक्य नव्हते, कारण शेवटचा ज्ञात उपचार दीड आठवड्यापूर्वीचा होता आणि केटामाइनचे शरीरातील प्रमाण काही तासांतच निम्म्यावर येते. इथे एकट्या औषधाने नव्हे, तर औषध, आजारी धमन्या, श्वास मंदावणारे दुसरे औषध आणि पाणी यांनी मिळून जीव घेतला. शुद्ध हरपलेल्या माणसाला वेदना आणि धोका दोन्ही कळत नाहीत, म्हणून उथळ पाणी, उंच गच्ची किंवा झोपेतली उलटीही त्याच्यासाठी संकट असते.

दारू, झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गीय वेदनाशामके सोबत असतील तर ‘केटामाइन श्वास थांबवत नाही’ हा लौकिक लागू पडत नाही. दमा किंवा जुनाट फुप्फुसविकार असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. केटामाइनचे विघटन मुख्यतः यकृतात होते, त्यामुळे यकृत दुर्बल असेल, किंवा एचआयव्हीवरील उपचारातील रिटोनाव्हिर, बुरशीवरील काही औषधे अथवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल, तर विघटन मंदावते आणि ठरलेल्या मात्रेचा परिणामही वाढू शकतो. वारंवार सेवनाने पित्तनलिका फुगून यकृताला सूज येऊ शकते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत भ्रम आणि भास पुन्हा उफाळू शकतात.

मूत्राशयाची हानी मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण तिच्याविषयी आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. २००७ मध्ये कॅनडातील आणि हाँगकाँगमधील डॉक्टरांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, नियमित केटामाइन घेणाऱ्यांच्या मूत्राशयाच्या आतील अस्तरावर व्रण पडतात. लघवीतून उत्सर्जित होणारे औषध आणि त्याचे अवशेष अस्तराला सतत जाळत राहतात, भिंत जाड व आखूड होते, लघवीला दर काही मिनिटांनी जावे लागते, तीत रक्त येते आणि ओटीपोटात असह्य वेदना होतात. त्या वेदना शमवायला रुग्ण पुन्हा केटामाइनच घेतो. पुढे मूत्रनलिकांत अडथळा येऊन मूत्रपिंडे फुगतात, आणि काहींचे मूत्राशय काढून टाकण्यावाचून इलाज उरत नाही. मधुमेहाच्या रुग्णात वारंवार लघवी होणे साखरेच्या माथी मारले जाते, इतरांत जंतुसंसर्गाची औषधे दिली जातात, आणि आपल्या देशात आकसलेले मूत्राशय पाहून क्षयाचाही संशय येणे स्वाभाविक आहे; नशेची गोष्ट रुग्णाने लपवली की मोलाचे महिने वाया जातात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने ज्याची मूत्रपिंडे आधीच थकली असतील त्याच्याजवळ असे वाया घालवायला महिने नसतात. लवकर थांबल्यास अनेकांचे मूत्राशय बरेचसे सावरते, हे आवर्जून सांगितले पाहिजे.

भारतात केटामाइन २०११ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे, आणि या कायद्याच्या भीतीने लोक डॉक्टरांपाशीही गप्प राहतात. वास्तविक त्याच कायद्याचे कलम ६४ अ सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करीत आहे आणि केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन विनामूल्य आहे. हृदयाचा, यकृताचा, मूत्रपिंडाचा किंवा मनाचा आजार असलेल्या ज्या कोणी केटामाइन घेतले असेल, त्याने ते पुन्हा घेऊ नये, आणि पुढच्या तपासणीत, विशेषतः कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, भूलतज्ज्ञाला ही गोष्ट न संकोचता सांगावी; डॉक्टरांनीही ती ऐकताना रागावू नये.