शहराचे क्षितिज कोणाचे?

२१ डिसेंबर २०२० च्या सायंकाळी गुरू आणि शनी आकाशात परस्परांपासून अवघ्या एक दशांश अंशावर आले. इतकी निकट युती यापूर्वी १६२३ मध्ये झाली होती. पुढची २०८० मध्ये आहे. दोन्ही ग्रह नैर्ऋत्येस खाली झुकलेले होते आणि सूर्यास्तानंतर सुमारे दोन तासांत मावळले. मुंबईत ज्याला समुद्रकिनारा गाठता आला, त्याला साध्या कॅमेऱ्यानेही ते टिपणे शक्य होते. उपनगरातील दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशाच्या वाट्याला मात्र समोरची इमारत आली.

शहरातील दिव्यांच्या झगमगाटामुळे आकाश दिसत नाही, अशी तक्रार नेहमी केली जाते. ताऱ्यांच्या बाबतीत ती रास्तच आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु चंद्र आणि तेजस्वी ग्रह यांना अंधाराची फारशी गरज नसते. चंद्र म्हणजे उन्हात तळपणारा खडक. मोबाइलच्या कॅमेऱ्यात त्याचा पांढरा ठिपका उमटतो, कारण यंत्र भोवतालचा काळोख मोजते आणि प्रकाश वाजवीपेक्षा अधिक घेते. तो हाताने कमी केला की डाग दिसू लागतात. क्षितिजावरचा चंद्र मोठा भासतो, हाही केवळ दृष्टिभ्रम. छायाचित्रात त्याचे बिंब तेवढेच, म्हणजे अर्ध्या अंशाचे भरते. वातावरणातील वक्रीभवनामुळे ते खालून किंचित चपटे मात्र होते.

खरी अडचण आहे ती हवेची आणि भिंतींची. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश जितक्या हवेतून येतो, त्याच्या सुमारे अडतीसपट हवा क्षितिजावरील प्रकाशाला ओलांडावी लागते. हिवाळ्यात त्या थरात धूळ आणि धूर साचून राहतात. चंद्र तांबूस होतो, ग्रह विझल्यासारखा दिसतो. भिंतींचा हिशेब तर घरोघरी कळण्याजोगा आहे. संकष्टीला दिनदर्शिकेत छापलेली चंद्रोदयाची वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. समोरच्या इमारतींनी पंधरा अंश आकाश अडविले असेल, तर उपवास सोडणाऱ्यास तासाहून अधिक काळ तिष्ठावे लागते!

अर्थशास्त्राच्या परिभाषेत क्षितिज ही सार्वजनिक वस्तू. एकाने पाहिल्याने ती दुसऱ्यासाठी उणी होत नाही, तिला किंमतही नाही. म्हणूनच ती गेल्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. चटईक्षेत्राच्या प्रत्येक चौरस फुटाचा बाजारभाव ठरतो. त्यापायी झाकल्या जाणाऱ्या आकाशाचा ठरत नाही, आणि उंच मजल्यावरील समुद्रदर्शनाची किंमत मात्र विकणारा चोख वसूल करतो. मुंबईला पश्चिमेचा समुद्र तरी उरला आहे. पण तेथे दिसतो तो अस्त. पौर्णिमेचा चंद्र पाण्यावर टिपायचा तर पहाटे उठावे लागते. पुणेकरांना टेकड्या आहेत, आणि त्यांवर रस्ते व बांधकामे होऊ देण्यापूर्वी हा हिशेबही मांडला जावा.

सर्वाधिक तोटा बुधाच्या बाबतीत होतो. हा ग्रह सूर्यापासून अठ्ठावीस अंशांपलीकडे कधी जातच नाही. त्यामुळे काळोख पडल्यावर तो क्षितिजाजवळच शोधावा लागतो. पाठ्यपुस्तकात त्याचे नाव पहिले, आणि शहरी विद्यार्थ्याने तो बहुधा पाहिलेलाच नसतो. बुध सूर्यापासून सर्वांत दूर दिसण्याच्या तारखा गणिताने कित्येक वर्षे आधी ठाऊक असतात. त्या मोजक्या सायंकाळी शाळा-महाविद्यालयांनी आपल्या गच्च्यांची कुलुपे काढली, तर खर्च येईल तो पहारेकऱ्याच्या एका तासाचा.