मेंदूंतील रसायनें व आत्मघाताची प्रवृत्ति

कोणी आपल्या जिवाचें बरेंवाईट करून घेतलें कीं, भोंवतालचे लोक कारण शोधूं लागतात. कर्ज, परीक्षेंतील अपयश, घरांतील कलह यांपैकीं एखादें सांपडलें म्हणजे शोध संपतो. न सांपडल्यास मन दुबळें होतें असा निकाल देण्यांत येतो. परंतु तेंच कर्ज आणि तेंच अपयश हजारों माणसें सोसतात. हा फरक कशानें पडतो, याचें उत्तर अंशतः तरी मेंदूच्या रसायनांत शोधावें लागतें.

मेंदूंतील एका पेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोंचविणारीं जीं द्रव्यें आहेत, त्यांत सेरोटोनिन हें एक. जिवंत मेंदूंत तें मोजणें सोपें नाहीं; मात्र त्याचें विघटन झाल्यावर उरणारा अवशेष मेंदू व कणा यांभोंवतालच्या पाण्यासारख्या द्रवांत उतरतो. चुलींतील राखेवरून जळलेल्या लांकडांचा अदमास बांधावा, तसाच हा प्रकार. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेंत मारी ऑस्बेर्ग या विदुषीनें सहकाऱ्यांसह ६८ विषादग्रस्त रोग्यांचा हा द्रव तपासला व निष्कर्ष १९७६ सालीं प्रसिद्ध केले. रोग्यांचे सरळ दोन गट पडले. ज्यांच्यांत अवशेष कमी, त्यांच्यांत आत्मघाताचे प्रयत्न अधिक आढळले, आणि ते अधिक उग्रहि होते.

याचा पुष्कळांनीं भलताच अर्थ केला: सेरोटोनिन कमी म्हणजे दुःख जास्त! परंतु १९८३ सालीं फिनलंडमधील अपराध्यांच्या अभ्यासांत, योजून हिंसा करणाऱ्यांपेक्षां झटक्यासरशी हिंसा करणाऱ्यांत हा अवशेष कमी भरला. तेव्हां या द्रव्याचा संबंध दुःखापेक्षां मनाच्या लगामाशीं असावा, हेंच अधिक संभवनीय दिसतें. दुःखानें घोडा उधळतो खरा. तो आवरतो कीं नाहीं हा प्रश्न निराळा. सेरोटोनिनच्या न्यूनतेमुळें विषाद होतो यास सुसंगत आधार नाहीं, असें लंडनच्या संशोधकांनीं २०२२ सालीं सारा पुरावा चाळून म्हटलें, तेंहि याशीं जुळतें. शिवाय स्टॉकहोमच्या रोग्यांत अवशेष कमी असूनहि तसा प्रयत्न न केलेले पुष्कळ होते. म्हणून अशा तपासणीनें कोणा एकाचें भविष्य वर्तवितां येत नाहीं.

औषधांत लिथियमचें उदाहरण लक्षणीय आहे. ऑस्ट्रेलियांतील जॉन केड यांनीं १९४९ सालीं या साध्या क्षाराचा उन्मादावरील गुण दाखविला. पुढें, तो दीर्घकाळ घेणाऱ्या उन्माद-विषादाच्या रोग्यांत आत्मघाताचें प्रमाण कमी असल्याचें दिसून आलें. नंतरच्या सर्वच चाचण्यांत मात्र तितका गुण आढळला नाहीं. त्याची मात्रा रक्त तपासूनच ठरवावी लागते.

लगाम सैल होण्याचा काळ पुष्कळदां थोडाच असतो. तेवढ्या वेळांत कोणी जवळ असणें व घातक साधन हाताशीं नसणें, यांनीं प्राण वांचतात. विचारल्यानें तसा विचार मनांत भरतो, ही समजूत निराधार आहे. सरळ विचारावें, स्वस्थपणें ऐकावें व वैद्याकडे न्यावें. भारत सरकारच्या टेली-मानस या सेवेचा दूरध्वनि १४४१६ असून तेथें मराठींतहि बोलतां येतें.