पदविकेची वाट

उन्हाळा सरतां सरतां वऱ्हाडांतील पुष्कळ घरांत एक लहानसें वादळ होऊन जातें. दहावीचा निकाल हातीं येतो आणि अमरावती-अकोल्याच्या माजघरांत 'आतां पुढें काय?' हा प्रश्न उभा राहतो. अकरावी-बारावी शास्त्रशाखेंत काढून प्रवेशपरीक्षेनें अभियांत्रिकीस जावें, हा बहुतेकांच्या मतें राजमार्ग. एखाद्या मुलानें 'मी तंत्रनिकेतनांत जातों' असें म्हटलें, कीं वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडलीच! "आपल्या घरांत पदविकेला कोणी गेलेलें नाहीं," हें वाक्य कोणी तरी उच्चारतो, आणि मुलाच्या कलापेक्षां घराण्याच्या लौकिकाचीच चर्चा अधिक होते.

ही आठी एकदां आमच्याही कपाळावर पडली होती. तिची हकीकत वाचकांपुढें मांडण्यांत आम्हांस थोडा संकोच वाटतो. पण ती उपयोगी पडेल अशा आशेनें लिहीत आहोंत.

आमचे वडील बंधु अकोल्यास असतात. त्यांच्या धाकट्या मुलीस लहानपणापासून यंत्रें उघडून पाहण्याचा नाद. स्वयंपाकघरांतला मिक्सर बंद पडला, कीं आजी दुरुस्तीवाल्यास न बोलावितां नातीलाच हांक मारी. दहावीस तिला चांगले गुण पडले आणि तिनें तंत्रनिकेतनाचें नांव काढलें. हवी ती शाखा अमरावतीस मिळत होती. म्हणजे मुलगी आमच्याच घरीं राहणार. त्या वेळीं जी बैठक भरली, तींत आम्ही बोलून गेलों, "अग, हें मागचें दार आहे. पुढच्या दारानें जाण्याची हिंमत नाहीं काय?" मुलगी कांहीं बोलली नाहीं. ती पदविकेस गेली. परंतु आमचें वाक्य तिच्या मनांत राहिलें, हें आम्हांस पुढें कळावयाचें होतें.

आतां हें दार खरोखरच मागचें आहे काय, हें पाहूं. दहावीनंतर दोन वर्षें बारावीचीं आणि चार पदवीचीं, मिळून सहा. दहावीनंतर तीन वर्षें पदविकेचीं, आणि पदवीच्या एकदम दुसऱ्या वर्षीं प्रवेश मिळाल्यास पुढें तीन; मिळून सहाच! काळाच्या दृष्टीनें कोणी मागें राहत नाहीं. शिवाय पदविकेच्या मुलापाशीं अठराव्या-एकोणिसाव्या वर्षींच पोट भरण्याजोगी विद्या असते. घरावर प्रसंग आला, तर स्थापत्याच्या पदविकेवर सरकारी खात्यांतील कनिष्ठ अभियंत्याच्या जागेसाठीं अर्ज करतां येतो. निव्वळ बारावी झालेल्या मुलाच्या हातीं यांतलें कांहीं नसतें.

ही सोय आपल्या दाराशींही आहे. अमरावतीचें शासकीय तंत्रनिकेतन १९५५ सालीं निघालें आणि तेथीलच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालीं. अकोल्यासही शासकीय तंत्रनिकेतन आहे. मोठ्या संस्थांकडे दृष्टि असेल, तर पुण्याचें १८५४ सालीं सुरू झालेलें अभियांत्रिकी महाविद्यालय, जें २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालें आहे, आणि मुंबईची १८८७ सालची व्ही.जे.टी.आय. या दोन्ही ठिकाणीं पदविकेवरून दुसऱ्या वर्षांत जातां येतें. व्ही.जे.टी.आय.मध्यें तर पदविका आणि पदवी एकाच आवारांत शिकवितात.

लहान ठिकाणीं आरंभ करून मोठ्या विद्यापीठांत जाण्याची ही रीत जगांत नवी नाहीं. अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांतील जोलिएट येथें १९०१ सालीं असें दोन वर्षांचें महाविद्यालय निघालें. कॅलिफोर्नियानें १९६० सालीं आपल्या उच्च शिक्षणाची योजना आंखली, तेव्हां अशा स्थानिक महाविद्यालयांतून नांवाजलेल्या सरकारी विद्यापीठांत जाण्याची वाट तींत हेतुपूर्वक ठेवली. आपल्याकडेही सर विश्वेश्वरय्या १८८१ सालीं बंगलोरच्या सेंट्रल कॉलेजांतून बी.ए. झाले आणि मग पुण्यास येऊन १८८३ सालीं अभियांत्रिकीच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाले. त्यांची वाट पदविकेची नव्हती, हें खरें. पण एके ठिकाणचें शिक्षण दुसऱ्या ठिकाणीं पुरें करण्यांत कमीपणा नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

मात्र ही वाट सोपी आहे अशा समजुतीनें कोणी जाऊं नये. थेट दुसऱ्या वर्षासाठीं आपल्या राज्यांत निराळी प्रवेशपरीक्षा नाहीं. गुणवत्तायादी पदविकेच्या गुणांवर लागते. म्हणून शेवटच्या वर्षीं हयगय झाली, तर ती भरून काढण्यास दुसरी संधि नसते. या मुलांसाठीं मंजूर जागांच्या शेंकडा दहा जागा अधिक ठेवतात, आणि पहिल्या वर्षीं रिकाम्या राहिलेल्या जागांची त्यांत भर पडते. साठ मुलांच्या वर्गास हिशेबानें सहाच जागा! नांवाजलेल्या महाविद्यालयांत रिकाम्या जागा थोड्याच उरतात. त्यामुळें तेथें चढाओढ फार. पसंतीक्रम भरतांना शेजाऱ्याचें ऐकून नांवें लिहूं नयेत, आणि दाखले आयत्या वेळीं गोळा करण्यावर विसंबूं नये. नियम बदलत असतात. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका घरांतील एका तरी मोठ्या माणसानें मुळापासून वाचावी. आय.आय.टी.मध्यें मात्र बी.टेक.ला ही वाट नाहीं. तेथें जाण्याची इच्छा असल्यास पदवीनंतर गेट परीक्षा देऊन एम.टेक.साठीं प्रयत्न करावा लागतो.

खरी कसोटी लागते ती प्रवेशानंतर, आणि ती गणिताची. पदवीच्या पहिल्या वर्षांत आव्यूह, आंशिक अवकलन, बहुविध संकलन हीं प्रकरणें होऊन गेलेलीं असतात. पदविकेंत गणित असतें, पण या खोलीचें नसतें. तिसऱ्या सत्रांत प्राध्यापक लाप्लास रूपांतराकडे वळतात, ते मागचें सर्वांना येतें असें धरूनच. त्यांत प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात आणि हीं मुलें वर्गांत पोहोंचतात, तोंवर शिकवणें सुरू होऊन कित्येक आठवडे लोटलेले असतात. उलट कर्मशाळेंत व प्रयोगशाळेंत हींच मुलें पुढें असतात. लेथवर बारावीवाले बिचकतात तेथें यांचा हात सहज चालतो.

आमची पुतणी उत्तम गुणांनीं पदविका झाली. पुण्याच्या एका सरकारी महाविद्यालयांत तिला जागा मिळाली. महाराष्ट्र एक्सप्रेसवर पोंचवावयास सारें घर अकोल्याच्या स्टेशनावर आलें होतें. दिवाळीस ती घरीं आली ती उतरलेल्या चेहऱ्यानें. पुढें फोनही कमी झाले. सत्राचा निकाल लागून महिना उलटला, तरी तिनें गुण सांगितले नाहींत. शेवटीं आजीनें खोदून विचारलें, तेव्हां कळलें कीं ती गणितांत नापास झाली होती. "मग सांगितलें कां नाहींस?" असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाला असतां, मागच्या दारानें आलेल्यांचें असेंच व्हायचें!"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नापास होणें ही गोष्ट भरून निघणारी होती. परंतु आमच्या एका वाक्यामुळें मुलगी तो महिना परगांवीं एकटी कुढत राहिली. हा दोष गणिताचा नव्हता.

त्या सुटींत आमच्या शेजारच्या एका निवृत्त गणितशिक्षकांनीं रोज सकाळीं दोन तास तिच्याकडून पहिल्या वर्षाचीं दोन्ही गणितें करवून घेतलीं. राहिलेला विषय पुढच्या परीक्षेंत सुटला आणि पदवी वेळेवर पुरी झाली. पदविका संपल्यापासून पुण्यास जाईपर्यंतचे जे महिने आम्हीं लग्नांमुंजींत घालविले, त्यांतच हें काम झालें असतें, तर तिचें सत्र वांचलें असतें.

म्हणून वाचकांस आमची विनंती अशी. मुलानें किंवा मुलीनें तंत्रनिकेतनाची गोष्ट काढली, तर आधीं तिचा कल पाहा. हातानें काम करण्याची आवड आहे काय, गणिताची भीति आहे काय, शेवटच्या वर्षापर्यंत नेटानें अभ्यास करण्याची तयारी आहे काय, हें शांतपणें विचारा. नकार द्यावयाचा असेल, तर तो या कारणांनीं द्या, लौकिकासाठीं नको. होकार दिला, तर मग तो पुरा द्या. पदविकेच्या शेवटच्या परीक्षेनंतर लगेच गणिताची शिकवणी लावा, आणि परगांवीं गेलेल्या मुलास गुण कमी पडले तरी घरीं निःशंक सांगतां येईल, अशी वागणूक ठेवा.

यंदाही कित्येक घरांत अशी बैठक भरेल. तेथें एखादें वाक्य ओठांवर येईल, तेव्हां आमची आठवण करून तें गिळावें, एवढेंच मागणें आहे.