परक्या रानात वादळ आले तर

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले दोन शेजारी तालुके. दोघांच्याही पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आहेत. तिकडे पाऊस फार. भात, नाचणी, वरई पिकते. लोक हिरडा गोळा करतात. पूर्वेला मोकळे, सपाट रान आहे. तिकडे पाऊस कमी, पण कुकडी, मीना आणि घोड या नद्यांवरच्या धरणांचे पाणी पाटाने येते. म्हणून तिथे टोमॅटो, कांदा, द्राक्षे आणि ऊस ही पिके होतात.

या पिकांना हात लागतात. ते हात डोंगरातून येतात. भाताचे काम उरकले की आदिवासी वाड्यांतली माणसे पूर्वेकडे कामाला निघतात. नारायणगावात सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. तिथे मजुरी ठरते आणि टेंपो रानाकडे जातो. कोणी संध्याकाळी परततो. कोणी आठवडाभर मालकाच्या रानातच राहतो. ऊसतोडीला तर बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि फडाशेजारी कोप्या घालतात.

राहायला काय मिळते? कुठे पक्की खोली, कुठे पत्र्याचे शेड, कुठे ताडपत्रीची खोप. दिवस कामात जातो. रात्री बिबट्याची धास्ती असते, म्हणून लेकरांना मधे घेऊन निजावे लागते. बिबट्याची आठवण सगळ्यांना असते. वादळाची मात्र कोणाला नसते. ते येऊन डोक्यावर कोसळते तेव्हाच कळते.

आपल्या गावात कोणता ओढा आधी भरतो, कोणते झाड पोकळ आहे, हे आपल्याला ठाऊक असते. परक्या रानात यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून हा धडा.

पहिल्या दिवशीच विचारा

कामावर गेल्यावर आपण मजुरी विचारतो, पाणी कुठे आहे ते विचारतो. त्याच वेळी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात.

“दादा, पाऊस-वीज आली तर आम्ही पळायचं कुठं?”

“समोर स्लॅबचं घर आहे ना, तिथं.”

“दाराला कुलूप असलं तर?”

“किल्ली मोटारीच्या खोलीत खुंटीला ठेवतो, बाई.”

“आणि काम थांबवायचं कोणी सांगायचं? तुम्ही रानात नसलात तर?”

“मुकादम सांगेल. तो नसला तर तुम्हीच थांबवा.”

“मग तेवढ्या वेळाची मजुरी कापाल का?”

हा शेवटचा प्रश्न अवघड आहे. पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ढग गडगडताना माणसे रानात का थांबतात? त्यांना भीती वाटत नाही असे नाही. “अर्धा दिवस मांडतील,” “उद्या बोलावणार नाहीत,” ही भीती विजेच्या भीतीपेक्षा मोठी होते. म्हणून बोलणे आधीच करून ठेवावे. “वीज थांबली की राहिलेले काम उरकून देऊ, पण वीज चमकताना रानात कोणी राहायचे नाही,” असा ठराव सकाळीच झाला, तर दुपारी वाद होत नाही. समजूतदार शेतकरी याला नाही म्हणत नाही. वीज मजूर आणि मालक असा भेद करत नाही. तोही त्याच रानात उभा असतो.

वळीव कसा येतो

चैत्र-वैशाखात जमीन तापते. तापलेली, दमट हवा वर चढते. वर गार झाली की तिचा ढग होतो. हा ढग कोबीच्या गड्ड्यासारखा फुगत जातो आणि कित्येक किलोमीटर उंच होतो. त्याच्या पोटात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात. त्या घर्षणातून वीज साठते. फार साठली की ती ढगातून ढगात किंवा ढगातून जमिनीवर उडी घेते. विजेच्या वाटेतली हवा क्षणात सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापते आणि फाकते. तोच कडकडाट.

सकाळी फार उकडले, दुपारी ढग काळे होऊन वर चढू लागले, मग एकदम गार वारा सुटला आणि धूळ उठली, तर वळीव आला असे समजावे.

वीज किती दूर आहे हे घड्याळाशिवायही कळते. उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे 3 सेकंद लागतात. वीज चमकली की सावकाश आकडे मोजा. 30 मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. तेवढे अंतर तिला काहीच नाही. पुढची वीज तुमच्याच रानात पडू शकते. तेव्हा लगेच निघा. “अजून पाऊस कुठं आलाय?” असे म्हणू नका. पाऊस पडत नसलेल्या जागीही वीज पडते. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर येऊ नका.

झाड, तार आणि झोळी

झाडाखाली उभे राहू नये, हे आपण ऐकलेले असते. तरी पाऊस आला की पाय झाडाकडेच वळतात. वीज उंच वस्तूवर पडते. तिथून ती खोडातून जमिनीत उतरते आणि जवळच्या माणसालाही धरते.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे. टोमॅटोला आपण काठ्या लावून तार ओढतो. द्राक्षाच्या मांडवाला तर सगळीकडे तारच असते. एका टोकाला वीज पडली, तर ती तारेतून दुसऱ्या टोकापर्यंत धावते. म्हणून गडगडाट ऐकला की तार बांधणे, वेल चढवणे ताबडतोब सोडावे. मांडवाखाली आडोसा घेऊ नये. मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये. विहिरीत, तळ्यात, पाटात उतरू नये.

बायांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण तान्ह्या लेकराची झोळी बांधाच्या झाडाला बांधतो. सावली असते म्हणून बांधतो. पण वळवाच्या दिवसांत तीच जागा वाईट. ढग दिसले की आधी झोळी सोडा. हातातली पाटी तिथेच राहू द्या. शक्य असेल तर दुपारनंतर लेकराला पक्क्या घराच्या ओसरीवर, एखाद्या जाणत्या माणसाजवळच ठेवा.

जायचे कुठे? पक्क्या घरात, दारे-खिडक्या लावून. घर जवळ नसेल तर चारी बाजूंनी बंद असलेल्या जीपमध्ये किंवा टेंपोच्या केबिनमध्ये बसा. नुसते पत्र्याचे उघडे शेड पावसापासून वाचवते, विजेपासून नाही.

यातले काहीच जवळ नसेल, तर झाडे, खांब आणि तारांपासून दूर, सखल जागी जा. पण ओढ्यात नको. दोन्ही पावले जुळवून उकिडवे बसा आणि कान झाका. जमिनीवर आडवे पडू नका. घोळक्याने बसू नका, अंतर ठेवा. हा शेवटचा उपाय आहे. पक्के घर ते पक्के घर.

वीज लागलेल्या माणसाला हात लावावा का

लावावा! अनेक लोक भिऊन दूर उभे राहतात. त्यांना वाटते, त्याच्या अंगात वीज आहे. तसे नसते. वीज निघून गेलेली असते. तो श्वास घेत नसेल, तर त्याला उताणा निजवा. छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवून जोराने दाबा आणि सोडा. मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. दुसऱ्याने 108 क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. शेणात पुरणे, अंगारा लावणे यात वेळ जातो आणि वेळेबरोबर माणूसही जातो.

तुटून पडलेल्या विजेच्या तारेची गोष्ट मात्र उलटी. त्या तारेत वीज असू शकते. तिला आणि तिला चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी वीजपुरवठा बंद करायला लावा. महावितरणचा क्रमांक 1912 आहे.

वाऱ्याने उडणारी घरे

3 जून 2020 रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. तिथे वारा ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. समुद्र आपल्यापासून लांब, मध्ये एवढा सह्याद्री. आपल्याला काय होणार, असे अनेकांना वाटले. पण वादळ घाट चढून आले. जुन्नर-आंबेगावात घरांचे पत्रे उडाले, पॉलिहाऊस फाटले, विजेचे खांब पडले. डोंगरातली हिरड्याची झाडे मोडली. ज्यांचे वर्षाचे मीठ-मिरची हिरड्यावर चालते, त्यांचे फार नुकसान झाले.

यातून शिकायचे काय? पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही. वाऱ्याने पत्रा उचलला की दगड आतल्या माणसावर पडतो. पत्रे आकड्यांनी आणि नटांनी आवळून घ्यावेत, तारेने वाशाला बांधावेत. वादळाचा इशारा असेल त्या रात्री खोपीत, शेडमध्ये किंवा पॉलिहाऊसमध्ये निजू नये. शाळा, समाजमंदिर, मालकाचे पक्के घर, जिथे जागा मिळेल तिथे जावे. कागदपत्रे, आधारकार्ड, औषधे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवावीत.

आवणीला घरी गेल्यावर

पाऊस लागला की डोंगरातली माणसे भाताच्या आवणीला घरी परततात. मग धोका रानातून डोंगरावर जातो.

30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर सकाळी डोंगराचा कडा कोसळला. त्याआधी मुसळधार पाऊस झाला होता. घरे चिखलाखाली गेली आणि दीडशेहून अधिक माणसे मेली. एस.टी.ची नेहमीची गाडी घेऊन चालक आला, तेव्हा गाव जागेवर नाही असे त्याने पाहिले. त्याने खबर दिली तेव्हा जगाला कळले. उरलेल्या लोकांसाठी पुढे दुसऱ्या जागी नवे गाव वसवले.

अतिवृष्टीत डोंगर काही खुणा दाखवू शकतो. जमिनीला नवी भेग पडते. झाडे किंवा खांब कलतात. झऱ्याचे पाणी एकदम गढूळ होते किंवा आटते. दारे-खिडक्या अडकू लागतात. यातली एकही खूण दिसली, तर गावाला सांगा आणि रात्र होण्याआधी घर सोडा. दर वेळी खूण दिसेलच असे नाही. म्हणून सतत मुसळधार पडत असेल, तर कड्याखालच्या घरात निजूच नये.

इशारा आणि पाऊल

हवामान खाते रंगांनी इशारा देते. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे धोका मोठा, लगेच पावले उचला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप केले आहे. जवळपास वीज पडण्याचा संभव असला की ते मोबाईलवर सांगते. टोळीत एकाच्या तरी फोनमध्ये ते असावे आणि रोज दुपारी त्याने ते पाहावे.

पण नुसत्या इशाऱ्याने माणूस वाचत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते नावाचे वादळ अरबी समुद्रातून आले. मुंबईजवळच्या समुद्रात तेलविहिरींच्या कामासाठी एक मोठा तराफा होता. त्याचे नाव पी-305. कामगार त्यावरच राहत. वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळाला होता. तरी तराफा बंदरात परतला नाही. नांगर तुटले, तराफा भरकटला आणि 17 मे रोजी बुडाला. त्यावर 261 माणसे होती. नौदलाने पुष्कळांना वाचवले, पण सत्तराहून अधिक माणसे गेली.

समुद्रातला तो तराफा आणि आपले रान यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी जागा दुसऱ्याची आणि जीव आपला. “कोणीतरी सांगेल” म्हणून सगळे थांबतात आणि वेळ निघून जाते. म्हणून काम थांबवायचे कोणी सांगायचे, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.

वीज पडून कोणी दगावले, तर शासनाकडून वारसांना 4 लाख रुपयांची मदत मिळते. त्यासाठी पोलिसांना आणि तलाठ्याला ताबडतोब कळवावे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी उरकू नये. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक 1077 आहे आणि कोणत्याही संकटासाठी 112.

पण मदत कितीही मिळाली, तरी त्यातून माणूस परत येत नाही. बुडालेली हजेरी उद्या भरून निघते. गडगडाट ऐकला की खुरपे खाली ठेवा, लेकरू उचला आणि चालू लागा.

उजळणी

1. कामाच्या पहिल्या दिवशी कोणते प्रश्न विचाराल?
2. वीज चमकल्यावर 30 मोजायच्या आत आवाज आला, तर त्याचा अर्थ काय?
3. वीज लागलेल्या माणसाला हात लावता येतो. तुटलेल्या तारेला चिकटलेल्या माणसाला का लावू नये?
4. आपल्या वस्तीजवळचे सर्वांत पक्के घर कोणते? आज रात्री घरात सर्वांना सांगा.