बारा सिमल्याचे मणके

जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर आणि जवळच्या लमेटा घाटावर, दख्खनच्या काळ्या बेसाल्टखाली चुनखडीयुक्त गाळाचे जे थर दिसतात, त्यांना भूशास्त्रात ‘लमेटा थर’ म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने ते झाकले आणि त्यांतील डायनोसॉरांचे अवशेषही त्याखाली टिकून राहिले. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे प्रसिद्ध झालेले विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये येथे अश्मीभूत मणके मिळाले, तेव्हा ‘डायनोसॉर’ ही संज्ञाही रूढ झालेली नव्हती. शेपटीच्या या मणक्यांना १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले.

ज्या अवशेषावर एखाद्या जातीचे नाव बेतलेले असते, त्याला ‘प्रारूप नमुना’ म्हणतात. नवा अवशेष त्याच जातीचा आहे की नाही, हे अखेर त्याच्याशी ताडूनच ठरते, म्हणून निसर्गेतिहास संग्रहालयाचे खरे धन दालनातील उंच सांगाड्यांपेक्षा भांडारातील क्रमांक घातलेल्या अशा तुकड्यांत असते. जबलपूरचे हे मूळ मणके कित्येक वर्षे हरवलेले समजले जात. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च या संशोधकांनी, त्यांची लक्षणे अनेक जातींत आढळत असल्याने हे नाव वैध धरता येत नाही, असे मत मांडले. पण ज्या हाडावरून वाद चालला होता, ते हाडच समोर नव्हते. २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या कोलकात्यातील संग्रहात धनंजय मोहबे यांना त्यांतील एक मणका पुन्हा सापडला. नव्या उत्खननाइतकेच या शोधाचे मोल मानले पाहिजे.

चार्ल्स मॅटली यांनी १९१७ पासून बारा सिमल्यावर केलेल्या उत्खननांतून मांसाहारी डायनोसॉरांचीही हाडे निघाली आणि फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांच्यासह त्यांनी १९३३ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मात्र हे साहित्य कोलकाता आणि लंडन येथील संग्रहांत विभागले गेले, त्यामुळे एकाच टेकडीतील हाडांची तुलना करायची तर अभ्यासकाला दोन खंडांत फिरावे लागते.

लमेटा थर महाराष्ट्रातही पोहोचतात. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा शाकाहारी डायनोसॉर ‘इसिसॉरस’ याच थरांतला असून, त्याचे नाव त्याचा अभ्यास करणाऱ्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे.