रेशमाचा कागद
लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओली लोकर चोळली की ते एकमेकांत अडकतात आणि नमदा बनतो. रेशमाचा तंतू गुळगुळीत, तो असा अडकत नाही. म्हणून रेशमाचा ‘कागद’ करताना चिकटवणारं काही लागतंच. कोशातल्या रेशमात सुमारे २० ते ३० टक्के सेरिसिन, म्हणजे नैसर्गिक डिंक असतो. तो न काढलेलं रेशीम पसरून पाणी शिंपडायचं, वर गरम इस्त्री फिरवायची; डिंक मऊ होऊन थर जुळतो. डिंक काढलेलं रेशीम मात्र दोन जाळ्यांमध्ये उभं-आडवं पसरून, साबणाच्या पाण्याने भिजवून, पातळ खळ लावून वाळवतात. भंडारा-गडचिरोलीकडचं टसर घेतलं तर न रंगवताही मधाची छटा मिळते. मला ती कुठल्याही रंगाहून प्रिय आहे.

कागद तयार झाला की मग त्यावर चित्र काढायला शिलाई मशीन. खालचे दात उतरवले की कापड सरकवायचं काम हातांकडे येतं: सुई जागेवरच वरखाली होते, आणि तिच्याखाली रेशीम फिरवत आपण चित्र काढतो. पाण्यात विरघळणाऱ्या कापडावर शिवलं, तर धुतल्यावर नुसती दोऱ्यांची जाळी उरते. टाके एकमेकांना छेदणारे हवेत, नाहीतर सगळं सुटून येतं.